तिसरी अट

२०१४ सालच्या पावसाळ्यात एका बाईंनी मला विचारलेल्या प्रश्नाचे मी चुकीचे उत्तर दिले होते, आणि ते चुकीचे होते हे कळायला मला पाच वर्षे लागली. त्या वेळी मी पश्चिम महाराष्ट्रातील एका सरकारी रुग्णालयाच्या एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार केंद्रात, समुपदेशक होते. त्याआधी काही वर्षे मी त्याच आवारातील गुप्तरोग विभागात, म्हणजे पुढे ज्याला ‘सुरक्षा क्लिनिक’ म्हणू लागले तेथे बसत असे. एका ठिकाणी गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया) आणि जांघेत आलेली अवधाणे, म्हणजे गाठी, घेऊन येणारी माणसे भेटत आणि दुसऱ्या ठिकाणी एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला येणारी. ही दोन्ही दुखणी एकमेकांत कशी गुंतलेली आहेत हे मला चांगले ठाऊक आहे, असा माझा समज होता.

त्या बाईंची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलते आहे. पहिल्या पतीच्या आजारपणात त्यांना स्वतःचा संसर्ग कळला, ते गेल्यानंतर काही वर्षांनी सारे माहीत असूनही एका सज्जन माणसाने त्यांच्याशी लग्न केले, आणि त्या माणसाची तपासणी दर वेळी निगेटिव्ह येत होती. आमच्या भाषेत हे ‘डिस्कॉर्डंट’ जोडपे. बाईंना वर्षातून तीन-चार वेळा जननेंद्रियावर बारीक, झोंबणारे फोड येत. तो हर्पीस होता. त्यांनी विचारले, “मॅडम, गोळी मी एक दिवस चुकवत नाही. पण खाली फोड आले की गोळीचा जोर कमी होतो का? ह्यांना माझ्यामुळं लागण होईल का?”

मी सांगितले, “फोड असताना धोका वाढतो. ते पुरते बरे होईपर्यंत दूर राहा, आणि तोवर गोळ्यांच्या भरवशावर राहू नका.” यातला पहिला भाग हर्पीसपुरता योग्यच होता, कारण फोड असताना संबंध आला तर पतीला हर्पीस होऊ शकतो, आणि कंडोमने झाकल्या न जाणाऱ्या त्वचेवरूनही तो पसरतो. चूक होती ती शेवटच्या वाक्यात. ती कशी झाली आणि माझ्यासारख्या अनेकांकडून का होत होती, हे नीट समजून घ्यायचे तर आधी त्या काळापर्यंत काय सिद्ध झाले होते ते पाहावे लागते.

इतर गुप्तरोगांमुळे एचआयव्हीचा प्रसार सोपा होतो, हे महाराष्ट्राला कोणा परदेशी पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. पुण्यात १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षापासून शहरातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांचा पद्धतशीर मागोवा घेतला जाऊ लागला. एचआयव्ही नसलेल्या या रुग्णांना पुन्हा पुन्हा तपासले असता, सुरुवातीच्या वर्षांत दर शंभर जणांमागे वर्षाला सुमारे दहा जणांना नव्याने एचआयव्हीची लागण होत असल्याचे दिसले, आणि ज्यांच्या जननेंद्रियावर व्रण होते त्यांच्यात हा धोका अधिक होता. पुढे याच दवाखान्यांतील नोंदींवरून असेही आढळले की ज्यांना नुकताच हर्पीस झाला आहे त्यांना एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पटींनी जास्त असते.

याच मालिकेतील १९९७ सालचा एक शोधनिबंध मला आजही अस्वस्थ करतो. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्यातील १३.६ टक्के स्त्रिया एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांतील बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशीच, संबंध आलेला होता. करोनाच्या पहिल्या काही महिन्यांत दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी दिसणारे डॉ. गंगाखेडकर अनेकांच्या लक्षात आहेत. पण त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी मांडलेली ही गोष्ट, की महाराष्ट्रातील बाईला सर्वांत मोठा धोका तिच्या घरातूनच आहे, फार थोड्यांच्या लक्षात राहिली.

गुप्तरोग एचआयव्हीला मदत करतो ती दोन बाजूंनी, आणि या दोन बाजू वेगवेगळ्या ठेवणे फार गरजेचे आहे. ज्याला एचआयव्ही नाही अशा माणसाला गुप्तरोग झाला, तर त्याच्या शरीराचे दार उघडे पडते. व्रण असेल तर त्वचा फाटलेली असते. व्रण नसून नुसती सूज असली, म्हणजे परमा किंवा क्लॅमिडियासारखा आजार असला, तरी रोगाशी लढण्यासाठी पांढऱ्या पेशी त्या जागी गर्दी करतात, आणि त्यांतल्या सीडी४ पेशी म्हणजे नेमक्या एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या पेशी. दुसरी बाजू अशी की ज्याला एचआयव्ही आहे, पण ज्याचे उपचार सुरू झालेले नाहीत, त्याला गुप्तरोग झाला तर त्याच्या जननमार्गातील स्रावांत विषाणूंचे प्रमाण वाढते. आफ्रिकेतील मलावी देशात डॉ. मायरन कोहेन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या १९९७ च्या अभ्यासात मूत्रमार्गाला सूज असलेल्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या वीर्यात, तशी सूज नसलेल्या बाधित पुरुषांच्या तुलनेत, आठपट विषाणू आढळले. प्रतिजैविके दिल्यानंतर दोन आठवड्यांत हे प्रमाण खाली आले. रक्तातील प्रमाणात मात्र दोन्ही गटांत तसा फरक नव्हता.

हा निष्कर्ष आमच्या प्रशिक्षणात वर्षानुवर्षे सांगितला गेला. मात्र त्या पुरुषांपैकी कोणीही एचआयव्हीची औषधे घेत नव्हते, ही गोष्ट आम्हाला सांगितली गेली नाही. त्या काळातल्या मलावीत ती औषधे मिळतच नव्हती. हा एक तपशील बाजूला पडला, आणि उपचार न घेणाऱ्यांविषयीचे ज्ञान आम्ही उपचार घेणाऱ्यांना लावत राहिलो.

गुप्तरोग बरे केले की एचआयव्हीचा प्रसार आपोआप घटेल, ही आशासुद्धा तितकी सरळ निघाली नाही. टांझानियातील म्वान्झा भागात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने मोठा उत्साह निर्माण केला होता. तेथे गावोगावच्या आरोग्य केंद्रांत गुप्तरोगांवर लक्षणांवरून चांगले उपचार देण्याची व्यवस्था केली, आणि त्या गावांत नव्या एचआयव्ही संसर्गांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडच्या सुरक्षा क्लिनिकमधले रंगीत किट याच विचारसरणीतले: मूत्रमार्गातून पू येत असेल तर करडे, अंगावरून पांढरे जात असेल तर हिरवे, व्रणासाठी पांढरे, पेनिसिलिन चालत नसेल तर निळे, हर्पीससाठी लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळे आणि अवधाणासाठी काळे. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसलो तर रुग्ण परत येत नाही, म्हणून समोर आहे तेव्हाच औषध हातात द्यायचे. ज्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी काम केले आहे त्यांना या पद्धतीचे मोल समजते. तिची मर्यादाही त्यांना समजते, कारण बायकांमधले कितीतरी संसर्ग लक्षणेच दाखवत नाहीत आणि मग कोणत्याच रंगाचे किट त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

पण म्वान्झानंतर चारच वर्षांनी शेजारच्या युगांडातील राकाई जिल्ह्यातून निराळा निकाल आला. तेथे लक्षणे असोत वा नसोत, सगळ्या गावालाच ठरावीक महिन्यांनी गुप्तरोगांची औषधे दिली गेली. काही गुप्तरोग कमी झाले, पण एचआयव्हीच्या नव्या संसर्गांत फरक पडला नाही. दोन्हींतील तफावतीची बरीच चर्चा झाली. म्वान्झात साथ तरुण होती, राकाईत ती मुरलेली होती, आणि मुरलेल्या साथीत व्रणांचा मोठा वाटा प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या हर्पीसचा असतो, हे स्पष्टीकरण मला पटते. मग साहजिकच हर्पीसवर उपचार करून पाहण्यात आले. आफ्रिकेतील ३,४०८ डिस्कॉर्डंट जोडप्यांमध्ये बाधित जोडीदाराला रोज असायक्लोव्हिर दिले गेले. २०१० साली निकाल आला तेव्हा जननेंद्रियावरील व्रण ७३ टक्क्यांनी घटले होते, रक्तातील एचआयव्हीही थोडा उतरला होता, आणि तरीही जोडीदाराला होणारी एचआयव्हीची लागण मात्र कमी झाली नव्हती. ज्यांना एचआयव्ही नाही पण हर्पीस आहे अशांना असायक्लोव्हिर देऊन पाहिले, तर तोही उपाय फसला. हर्पीसचा व्रण वरून भरून आला तरी त्या जागी जमलेल्या सीडी४ पेशी कित्येक आठवडे तेथेच ठाण मांडून असतात, हे त्याच सुमारास दिसून आले होते. म्हणजे दार लोटलेले दिसत असले तरी त्याला कडी लागलेली नसते.

इतका सगळा इतिहास मी यासाठी सांगते आहे की गुप्तरोग हा एचआयव्हीचा साथीदार आहे यात शंका नाही. पण प्रसार थांबवण्याची किल्ली त्या साथीदाराकडे नव्हती. ती कोठे आहे याची खूण राकाईतच, दुसऱ्या एका अभ्यासात मिळाली होती. तेथील ४१५ डिस्कॉर्डंट जोडप्यांचा पाठपुरावा करून २००० साली असे दाखवण्यात आले की बाधित जोडीदाराच्या रक्तात जितके विषाणू जास्त तितकी लागण जास्त, आणि ज्या ५१ जणांच्या रक्तात एक मिलिलिटरमागे १,५०० पेक्षा कमी विषाणू होते त्यांच्यापैकी एकाकडूनही जोडीदाराला लागण झाली नाही. या लोकांनाही औषधे मिळत नव्हती. त्यांच्या शरीराने स्वतःहूनच विषाणूला इतके खाली ठेवले होते. मग औषधांनी ते प्रमाण खाली आणले तर काय होईल, हा प्रश्न उरला.

याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा आहे, हे मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटते. ‘एचपीटीएन ०५२’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग नऊ देशांत झाला, भारतात पुणे आणि चेन्नई येथे. १,७६३ जोडपी त्यात होती आणि त्याचे नेतृत्व मलावीतील त्या अभ्यासाच्याच डॉ. कोहेन यांच्याकडे होते. अर्ध्या जोडप्यांत बाधित व्यक्तीला लगेच एआरटी सुरू केली, उरलेल्यांत तेव्हाच्या प्रथेप्रमाणे सीडी४ पेशी आणखी खाली येईपर्यंत थांबले. मे २०११ मध्ये निकाल मुदतीआधीच जाहीर करावे लागले, कारण जोडीदाराकडूनच झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ संसर्गांपैकी केवळ एक लवकर औषध सुरू केलेल्या गटातला होता. ही घट ९६ टक्के होती. सर्व वर्षांचा हिशेब लागल्यावर २०१६ साली ती ९३ टक्के ठरली. उपचार सुरू झाल्यानंतर जे आठ संसर्ग निदर्शनास आले ते एकतर विषाणू आटोक्यात येण्याआधीचे होते किंवा औषध लागू पडेनासे झाल्यानंतरचे. विषाणू पक्का आटोक्यात असताना एकही संसर्ग झाला नाही.

आता त्या तिसऱ्या अटीकडे येते. हा निकाल लागण्याच्या तीन वर्षे आधी, जानेवारी २००८ मध्ये, स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय एड्स आयोगाने एक धाडसी निवेदन काढले होते. नियमित उपचार घेणाऱ्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही, असे त्यांनी जाहीर केले, पण तीन अटी घालून. रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या न चुकवता घेत असावा ही पहिली; किमान सहा महिने रक्तात विषाणू सापडलेला नसावा ही दुसरी; आणि दुसरा कोणताही लिंगसांसर्गिक आजार नसावा ही तिसरी. त्या निवेदनावर जगभर टीका झाली. मला मात्र ते लिहिणाऱ्यांविषयी आदर वाटतो, कारण मूल होऊ देण्याची इच्छा असलेल्या जोडप्यांना आणि संसर्ग पसरवल्याच्या आरोपावरून न्यायालयात उभ्या केलेल्या माणसांना उत्तर द्यायची जबाबदारी त्यांनी टाळली नाही. तिसरी अट त्यांनी सावधगिरीपोटी घातली होती. मलावीतील आठपट विषाणूंचा निष्कर्ष सर्वांच्या मनात होता, आणि उपचार सुरू असताना गुप्तरोग झाला तर काय होते याचा पुरावा कोणाकडेच नव्हता.

तो पुरावा पुढच्या दहा वर्षांत जमला. युरोपातील १४ देशांत झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात कंडोम न वापरणारी डिस्कॉर्डंट जोडपी सहभागी झाली. बाधित जोडीदाराच्या रक्तातील विषाणू एका मिलिलिटरमागे २०० च्या खाली असतील तोवरचाच काळ हिशेबात धरला जाई. २०१६ साली ८८८ जोडप्यांचे आणि सुमारे ५८ हजार संबंधांचे निष्कर्ष आले; त्यांत स्त्री-पुरुष जोडपीही होती आणि पुरुष-पुरुष जोडपीही. २०१९ साली केवळ पुरुष जोडप्यांचा दुसरा टप्पा प्रसिद्ध झाला, त्यात ७८२ जोडपी आणि ७६ हजारांहून अधिक संबंध होते. दोन्ही वेळा जोडीदाराकडून झालेल्या संसर्गांची संख्या शून्य होती. दुसऱ्या टप्प्यात १५ निगेटिव्ह पुरुषांना एचआयव्ही झाला, पण विषाणूंची जनुकीय ठेवण ताडून पाहिल्यावर त्यांतला एकही विषाणू त्यांच्या जोडीदाराचा नव्हता. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि थायलंडमधील ३४३ पुरुष जोडप्यांच्या वेगळ्या अभ्यासातही हेच उत्तर मिळाले.

माझ्यासाठी यातली सर्वांत महत्त्वाची नोंद अशी की ‘पार्टनर’च्या दुसऱ्या टप्प्यातील सुमारे एक चतुर्थांश पुरुषांना त्या काळात दुसरा एखादा लिंगसांसर्गिक आजार झाला होता. परमा, क्लॅमिडिया, गरमी, हे सगळे होऊनही एचआयव्हीचा संसर्ग जोडीदाराकडे गेला नाही. ज्याला आकडेशास्त्र कळते तो येथे एक रास्त शंका काढील: गुप्तरोग असतानाचा काळ एकूण काळाच्या मानाने थोडा असतो, आणि थोड्या काळातले शून्य हे मोठ्या काळातल्या शून्याइतके भक्कम नसते; शिवाय हे आजार बहुतेक पुरुष जोडप्यांमध्ये नोंदले गेले. शंका मान्य आहे. पण शरीरात जे घडते त्याच्याशी हे शून्य अगदी जुळते. गुप्तरोगामुळे सूज येते, पेशी गोळा होतात, स्राव वाढतो. पण त्या स्रावात यायला आधी विषाणू तर तयार व्हायला हवेत, आणि एआरटी नेमकी त्यांची निर्मितीच बंद पाडते. काही पेशींत विषाणू सुप्त अवस्थेत दडलेला असतो आणि म्हणूनच गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत तो पुन्हा उसळतो. परंतु गोळ्या चालू आहेत तोवर आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२३ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले. गोळ्या नियमित घेणाऱ्या आणि तपासणीत विषाणू न सापडणाऱ्या व्यक्तीकडून लैंगिक जोडीदाराला एचआयव्ही होण्याचा धोका शून्य आहे, आणि विषाणू सापडत असून एक मिलिलिटरमागे १,००० पर्यंतच असतील तर तो जवळपास शून्य आहे. या विधानाला तिसरी अट जोडलेली नाही.

२०१४ मध्ये मी जे बोलले त्याला आणखी एक कारण होते, आणि ते सांगितल्याशिवाय त्या काळातल्या माझ्या सहकाऱ्यांवर अन्याय होईल. भारतात एआरटी मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. पण पुढची कितीतरी वर्षे रुग्णाच्या प्रगतीचा अंदाज आम्ही सीडी४ पेशींवरून घेत होतो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंची मोजणी, ही औषध लागू पडत नसल्याचा संशय आला तरच होत असे. सगळ्या रुग्णांची नियमित मोजणी २०१८ पासून सुरू झाली: उपचारानंतर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. त्याआधी माझ्यासमोर बसलेल्या बाईंच्या रक्तात विषाणू आहे की नाही, हे मला खरोखरच माहीत नव्हते. पण ‘मला माहीत नाही’ असे सांगणे आणि ‘गोळ्यांच्या भरवशावर राहू नका’ असे सांगणे यांत फरक आहे. मी दुसरे वाक्य उच्चारले.

त्याचा परिणाम मला २०१९ मध्ये समजला. बाईंचा व्हायरल लोडचा दुसरा अहवाल आला होता आणि त्यावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडला नाही, असा शेरा होता. पहिल्या अहवालावरही तोच होता. मी त्याचा अर्थ समजावून सांगत होते, आणि ओघात फोडांची चौकशी केली. त्या म्हणाल्या की फोड येतातच, पण त्या दिवसानंतर त्यांनी कोणाला सांगितले नाही. फोड म्हणजे नवऱ्याला एचआयव्ही देण्याची वेळ, असे त्यांच्या मनाने घेतले होते. म्हणून त्या वेगळ्या खोलीत निजू लागल्या. सुरुवातीला फोड असताना, मग फोड येतील या भीतीने, आणि मग कायमच्या. लाल किट घ्यायला क्लिनिकमध्ये गेले तर नोंद होईल, नोंद झाली तर एआरटीच्या डॉक्टरांना कळेल आणि ते नवऱ्याला बोलावून घेतील, असे त्यांना वाटले. आठवड्याभराच्या असायक्लोव्हिरने जी वेदना कमी झाली असती ती त्यांनी पाच वर्षे अंगावर काढली. गोळी मात्र एकदाही चुकवली नाही.

नवे ज्ञान उशिरा पोहोचले याचे दुःख निराळे आहे. मला टोचते ते हे, की माझ्या उत्तराने एका आजाराची भीती घालून दुसऱ्या आजारावरचा उपचार बंद पाडला. समुपदेशनात अधिक सावध बोलणे म्हणजे अधिक सुरक्षित बोलणे, असे आम्हाला वाटत असे. पण जास्तीच्या भीतीचेही दुष्परिणाम असतात आणि ते कोणत्याही नोंदवहीत येत नाहीत.

याचा अर्थ गुप्तरोगांकडे दुर्लक्ष करावे असा कोणी घेऊ नये, कारण मी दोन्ही खोल्यांत बसलेली आहे. गरमीवर इलाज झाला नाही तर ती मेंदूपर्यंत आणि हृदयापर्यंत जाते, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंतही जाते, आणि तिच्यावर पेनिसिलिनचे साधे इंजेक्शन आहे. परमा आणि क्लॅमिडिया यांमुळे बायकांच्या गर्भनलिका बंद होऊन वंध्यत्व येते. एचआयव्हीच्या गोळ्या यांतल्या कोणत्याही आजारापासून वाचवत नाहीत; त्यासाठी कंडोम आहे, आणि लक्षण दिसताच दोघांनीही एकाच वेळी घेतलेला उपचार आहे. शिवाय बाधित जोडीदाराच्या रक्तात विषाणू अजून आहेत, म्हणजे औषध नुकतेच सुरू झाले आहे, मधे बंद पडले होते, किंवा संसर्ग झाल्याचे त्याला ठाऊकच नाही, अशा वेळी पुण्यातल्या दवाखान्यांनी तीस वर्षांपूर्वी जे शिकवले ते आजही जसेच्या तसे खरे आहे. संसर्ग झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणू अतोनात वाढलेले असतात. नेमका तेव्हाच गुप्तरोगही असेल, आणि एकाच संबंधातून दोन्ही मिळालेले असण्याची शक्यता असतेच, तर तो काळ जोडीदारासाठी सर्वांत धोक्याचा. म्हणून गुप्तरोगासाठी आलेल्या प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी त्याच दिवशी व्हावी आणि ती ठरावीक मुदतीने पुन्हा व्हावी, असा माझा आग्रह असतो.

आता कोणी मला त्या बाईंसारखा प्रश्न विचारला तर मी आधी तीन गोष्टी विचारते. गुप्तरोग दोघांपैकी कोणाला आहे? शेवटचा व्हायरल लोड कधी झाला आणि किती आला? आणि त्यानंतर गोळ्या सलग चालू आहेत का? या तीन उत्तरांशिवाय धोका वाढतो की नाही हे सांगताच येत नाही. बाधित व्यक्तीला गुप्तरोग आहे, व्हायरल लोड सापडत नाही आणि गोळ्या चालू आहेत, तर एचआयव्हीची चिंता नाही. गुप्तरोगावर इलाज करायचा, तो बरा होईपर्यंत त्या रोगापुरते पथ्य पाळायचे, आणि जोडीदारालाही तपासायचे. निगेटिव्ह जोडीदाराला गुप्तरोग असेल तर तो कोठून आला हे उकरून काढणे माझे काम नाही, पण बाहेर संबंध आला असेल तर तेथल्या जोडीदाराच्या रक्तात काय आहे हे आपल्याला माहीत नसते, आणि तेव्हा उघडे पडलेले दार खरोखरच उघडे असते, हे त्याला एकट्याला गाठून सांगावेच लागते. ‘पार्टनर’ अभ्यासातील त्या १५ पुरुषांना झालेला संसर्ग घरातून झालेला नव्हता.

लैंगिक संबंधांविषयीचे हे शून्य स्तनपानाला आहे तसे लावता येत नाही, हेही मी तरुण आयांना आवर्जून सांगते. आईच्या रक्तात विषाणू सापडत नसेल तर दुधातून बाळाला लागण होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते, पण ती शून्य आहे असे म्हणता येत नाही. बाळाला दूध पाजणे थांबवायचे असा याचा अर्थ नाही. आईच्या गोळ्या, बाळाला ठरवून दिलेले औषध आणि वेळच्या वेळी तपासण्या, हे सारे काटेकोर चालवायचे.

त्या दिवशी बाईंनी सगळे ऐकून घेतले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग आपली हिरवी पुस्तिका माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “हे सगळं ह्यात लिहून द्या. मी सांगितलं तर मी आपल्या सोयीनं बोलते असं वाटेल. तुमच्या अक्षरात असू दे.” मी अहवालाची तारीख घातली, विषाणू सापडला नाही असे लिहिले, त्याचा अर्थ लिहिला, आणि फोड आल्यावर कोणत्या खोलीत कोणते किट मागायचे तेही लिहिले. २०१४ मध्ये मी दिलेला सल्ला चुकीचा होता हेही लिहिले आणि खाली सही केली.

पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला दोघे एकत्र आले. त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली, आणि जाताना पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी बायकोच्या पुस्तिकेत, माझ्या सहीखाली, स्वतःच्या हाताने लिहून घेतली.